स्टोरातला माणूस

"हनुवटी वर करा. आजून वर. हलू नका, कापलं तर फोटोत पट्टी दिसंल."

अंगणात खुर्चीवर बसलेल्या केरबाने मुकाट मान मागे टाकली. गळ्याभोवती जुना टॉवेल, गालांवर साबणाचा फेस. गेली दोन वर्षं त्याची दाढी चिमाबाईच करत होती. त्याआधी एकदा तो एकाच गालाची दाढी करून दिवसभर औंढे गावातून फिरला होता, आणि त्याला हसणाऱ्या चौघांना चिमाबाईने असं काही सुनावलं होतं की त्यातले दोघं अजून या आळीत शिरत नाहीत.

"आज झेंडा हाय का गं?" केरबाने विचारलं.

"झेंडा जानेवारीत. आज नेव्हीची मानसं येनारेत लोणावळ्याहून. तुमच्याशी बोलायला."

"मग तोफेचं सांगावं लागंल." फेसाखाली तो खुशीत हसला. "काय पानी उडालं व्हतं! ताडमाड!"

चिमाबाईचा हात थांबला.

"तोफेचं न्हाई. काल काय ठरलं आपलं? लढाईत तुमी कुटं व्हता?"

"तोफेवर."

"स्टोरात! सामानाच्या स्टोरात व्हता तुमी. बोला बगू, स्टोरात."

"स्टोरात," केरबा म्हणाला. मग थोड्या वेळाने त्याने डोळे किलकिले करून तिच्याकडे पाहिलं. "कुटल्या स्टोरात?"

आठवडाभर हे असंच चाललं होतं.

मागच्या रविवारी नात प्रतीक्षा तळेगावहून आली, तेव्हा चिमाबाईने टपालाने आलेलं पत्र तिच्या हातात दिलं. चिमाबाई चौथीपर्यंत शिकलेली. अक्षर लावून वाचायची, पण सरकारी मराठीत तिचा जीव घुसमटायचा. प्रतीक्षाने मोठ्याने वाचलं. एकाहत्तरच्या लढाईत नेव्हीच्या सामान-डेपोत ज्यांनी काम केलं, त्यांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून नोंदवून ठेवायच्या आहेत. जहाजांवर लढलेल्यांचं पुष्कळ लिहिलं गेलं. पण त्या जहाजांना अंगावरच्या कपड्यापासून दोरखंडापर्यंत सगळं पुरवणाऱ्यांना कुणी काही विचारलंच नाही. आता त्यांतले फार थोडे उरले आहेत. आपल्या घरी यायला परवानगी असावी.

"आज्जी, हे डेपो काय म्हणतायत? आबा तर तोफेवर होते ना?"

"तुला कागद वाचायला दिला, वकिली करायला न्हाई," चिमाबाई म्हणाली आणि पत्र काढून घेतलं. पोरगी तळेगावला गेल्यावर तिने ते पुन्हा स्वतः वाचलं. बोट ठेवून, शब्दाशब्दाला थांबत. तोफेचा शब्द कुठेच नव्हता. इतक्या वर्षांनी जगातलं कुणीतरी केरबाला त्याची खरी गोष्ट विचारायला येणार होतं, आणि ती सांगायला केरबाच जागेवर नव्हता.

तोफ चिमाबाईची होती.

बहात्तर सालचा उन्हाळा. लग्न होऊन महिना झालेला, नवरा परत ड्युटीवर गेलेला. ओढ्याला जेमतेम पाणी. वरच्या अंगाला गावाचा पाणवठा, खालच्या अंगाला बौद्धवाडीचा. ही सतरा वर्षांची नवी सून हंडा घासत बसली होती. वरून हौशीरामची बायको अंबूबाई हिने हाक मारली. तीही गावात नवीच, पण घर मोठ्या जमिनीचं, त्यामुळे आवाजही मोठा.

"काय गं, तुजा नवरा नेव्हीत हाय म्हनं? काय करतो तितं? झाडलोट?"

वरच्या बाया हसल्या. अंबूबाईच्या मनात फार काही होतं असं नाही. जाता-येता माणसाला टोचायची तिला खोड होती. पण त्या एका शब्दाने खालच्या अंगाच्या साताठ बायांची मान एकदम खाली गेली. ती खाली गेलेली मान चिमाबाईने बघितली आणि तिच्या डोक्यात कळ गेली. केरबा डेपोत स्टोर असिस्टंट आहे, सामान देतो-घेतो, हे तिला ठाऊक होतं. पण सामान म्हटलं की या बाया म्हणणार, गोदाम झाडतो.

"तोफ डागत्यात," ती म्हणाली. हातातली राख हंड्यावर तशीच फिरत होती. "दुश्मनाचं जहाज बुडवलं. पानी ताडमाड उडालं व्हतं."

समुद्र तिने तोवर पाहिलेला नव्हता.

पुढच्या सुट्टीत केरबा आला तर गावातली पोरं त्याला सलाम ठोकायला लागली. जेवायला बसल्यावर त्याने विचारलं, आणि ऐकून आधी पोट धरून हसला. मग गंभीर झाला.

"अगं, मी स्टोरात हाय. कपडे, दोरखंड, डब्यातल्या भाज्या. तोफ मी जवळून बगितलीबी न्हाई."

"त्ये मला ठावं हाय. गावाला कशाला? स्टोर म्हटलं की म्हनतील, पुड्या बांधतो."

"बांधतोच की पुड्या. लय मोठ्या मोठ्या बांधतो. अगं, त्या तेरा दिसांत काय काय झालं, तुला सांगतो. एकदा..."

"आदी भाकरी खावा. गार व्हायला लागली."

केरबा वाद घालणाऱ्यातला नव्हता. घरातला वाद घालायचा सगळा मक्ता चिमाबाईकडे होता आणि तिने तो आजवर कुणाला दिला नव्हता. तो भाकरी खायला लागला.

पंधरा वर्षं नोकरी करून तो घरी आला, तळेगावच्या एका कारखान्यात पुन्हा स्टोरकीपर म्हणून लागला. येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांत बसला की कधीतरी त्याचा चेहरा उजळायचा आणि तो सुरू करायचा, "एकदा काय झालं, आमच्या डेपोत..." चिमाबाई आतून हाक मारायची. पाणी तापलंय. गाय सुटलीय. कधी काही सुचलं नाही तर नुसतं "अवो" म्हणायची, आणि त्या "अवो"त सगळं असायचं.

मग हौशीराम सरपंच झाला. एका जानेवारीत तो स्वतः चालत बौद्धवाडीत आला, विहारासमोर उभा राहून म्हणाला, "केरबाभाऊ, शाळंतला झेंडा औंदा तुमी लावायचा." त्या दिवशी चिमाबाईने मनाशी पक्कं केलं की ओढ्यावर आपण बोललो ते बरोबर बोललो. तोफ नसती तर झेंडा कुणी दिला असता?

पहिल्याच वर्षी झेंडा लावून झाल्यावर गुरुजींनी केरबाला दोन शब्द बोलायला सांगितलं. तो उभा राहिला. समोर पोरं, मागे सगळा गाव.

"बाळांनो," तो म्हणाला, "मी काय जहाजावर नव्हतो. मी जितं व्हतो तितं..."

बायांच्या बाजूने चिमाबाईला खोकला आला. असा खोकला की गुरुजींनी पाण्याचा तांब्या पाठवला. केरबाने तिच्याकडे बघितलं. मग "जय हिंद" म्हणून खाली बसला. त्यानंतर दर वर्षी तो झेंडा लावायचा आणि "जय हिंद" म्हणून बसायचा. घरीदेखील त्याने ती गोष्ट पुन्हा काढली नाही. चिमाबाईला वाटलं, सुटलो.

तीन वर्षांपूर्वी केरबाचं डोकं गळायला लागलं. आधी माणसांची नावं गेली, मग वार, मग घराची वाट. आणि एके सकाळी तो दूधवाल्याला अंगणात बसवून सांगताना तिला ऐकू आलं, "बटन दाबलं आन् धाडदिशी! पानी ताडमाड!" केरबा खोटं बोलत नव्हता. त्याचे डोळे भरून आले होते. चिमाबाई चुलीपुढून उठली ती दाराशी येऊन तशीच उभी राहिली. गावाने तोफेचं ऐकावं म्हणून ती जन्मभर राखण करत बसली होती, आणि तोफेने आत शिरून केरबाचंच घर बळकावलं होतं.

म्हणून हा आठवडाभर शिकवणीवर्ग. पावटा सोलताना, आंघोळ घालताना, जेवताना. "स्टोरात व्हता. अंधार व्हता. दिवा लावायचा न्हाई. मग काय करायचा तुमी?" केरबा विचार करायचा. कपाळाला आठ्या घालून अगदी मनापासून विचार करायचा. "झोपायचो," म्हणायचा.

दहाच्या सुमाराला नेव्हीची गाडी आली. गाडी वळणावर दिसली तेव्हाच आळी जमली होती. शाळेतून पोरं आली, शेजारची शालन डोक्यावर पदर घेऊन आली, आणि गावातून काठी टेकत अंबूबाई आली. ती आल्याबरोबर बाकीच्यांनी तिला भिंतीकडेची सावली दिली. प्रतीक्षाने रजा टाकली होती; ती गाडीला सामोरी गेली.

पांढऱ्या गणवेशातली अधिकारी पायल मॅडम उतरली, तीस-एक वर्षांची, साताऱ्याकडची. तिने वाकून दोघांना नमस्कार केला आणि चिक्कीचा खोका चिमाबाईच्या हातात दिला.

"लोणावळ्याची चिक्की? आमी काय टुरिस्ट हाय?"

"चुकलंच आजी," ती हसली. "आई म्हणाली होती रिकाम्या हाताने जाऊ नकोस. वाटेत दुसरं काही दिसेना."

पोरगी बरी होती. चिमाबाईने खोका शालनकडे दिला आणि केरबाला ओट्यावरच्या बाकड्यावर नेऊन बसवलं. कोट झटकला. पदक सरळ केलं. कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर चढला, त्यावर लाल ठिपका लागला.

"आजोबा," पायल मॅडम म्हणाली, "डिसेंबर एकाहत्तर. तुम्ही सामान-डेपोत होता. लढाई सुरू झाली तो दिवस आठवतो का?"

केरबाने चिमाबाईकडे पाहिलं. कॅमेऱ्याच्या मागून तिने ओठ हलवले. स्टोर. त्याने समजल्यासारखी मान डोलावली, ताठ बसला, सलाम ठोकला आणि म्हणाला,

"मी तोफेवर व्हतो."

आणि मग काय सांगितलं त्याने! दुश्मनाचं जहाज कसं दिसलं, साहेबांनी कसा हुकूम दिला, बटण कसं दाबलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. शालनने डोळ्याला पदर लावला. एकटी चिमाबाई त्यातला शब्द न् शब्द ओळखत होती. हे वाक्य हंडा घासताना सुचलेलं. हे धाकट्या जावेला सांगताना वाढवलेलं. हे प्रतीक्षाच्या बापाला निजवताना. एकही शब्द केरबाचा नव्हता.

तो थांबला तेव्हा पायल मॅडमने मांडीवरच्या कागदावर नजर टाकली. "आजोबा, नोंदीत तुमची नेमणूक..." ती म्हणाली, आणि जमलेल्या माणसांकडे बघून तिथेच थांबली. तिने कागद उलटा केला. "छान सांगितलंत. खूप छान. थँक्यू आजोबा."

तिचा हात कॅमेऱ्याकडे गेला.

एवढंच व्हायचं होतं. ठिपका विझणार होता, गाडी जाणार होती. केरबा जानेवारीत झेंडा लावणार होता आणि सगळा गाव त्याला मरेपर्यंत, मेल्यावरही, तोफवाला म्हणणार होता. चिमाबाईने फक्त गप्प बसायचं होतं. आणि गप्प बसणं तिला जन्मात कधी जमलं नव्हतं.

"बंद करू नका," ती म्हणाली.

"आजी?"

"तोफ खोटी हाय." तिचा आवाज नेहमीसारखाच खणखणीत निघाला, याचं तिलाच नवल वाटलं. "ह्यांनी कदी तोफ डागली न्हाई. ती मी डागली, हितं, ओढ्यावर. ह्ये डेपोतच व्हते. तुमचा कागद खरा हाय."

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. "आज्जी," प्रतीक्षा हळूच म्हणाली, "बस आता."

"बसते. आदी मॅडमच्या मशिनीत गेलं पायजे. ह्यांनी मला पयल्या दिवशी सांगितलं व्हतं, खोटं नको. मीच ऐकलं न्हाई. आता कुनाला काय बोलायचंय त्यानं मला बोलावं. ह्यांना न्हाई."

तिने एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. शेवटी भिंतीकडच्या सावलीतून अंबूबाई खाकरली.

"आमाला ठावं हाय ते, चिमे."

"काय ठावं हाय?"

"केरबाभाऊ स्टोरात व्हता ते. त्यानंच सांगितलं आमच्या ह्यांना. दोगं पावट्याच्या बांधावर बसायचे की तासन् तास. झेंड्याच्या आदीपास्नं."

"आन् तरी झेंडा दिला?"

"म्हनून दिला. आमचे ह्ये म्हनायचे, तोफ काय कुनीबी डागंल. अंधारात नुसतं हातानं चाचपून सामान काडून देनारा ह्यो एकच." अंबूबाईने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "झाडलोट म्हनले व्हते मी तुला. आटवतंय मला."

"मग येवढी वर्सं बोलला का न्हाई कुनी?"

"तुज्या तोंडाला कोन लागनार?"

शालनला हसू आलं आणि तिने ते पदरात दाबलं. चिमाबाईला हसू आलं नाही. ती बाकड्याच्या कडेला, केरबाच्या बाजूला टेकली. ज्याच्या भीतीने तिने हे सगळं झाकून ठेवलं, ते गावाला ठाऊक होतं. आणि ज्याच्याकडे केरबा सगळं बोलला होता, त्या हौशीरामला जाऊन चार वर्षं झाली होती.

"अंबूबाई," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात आयुष्यात पहिल्यांदा विनवणी आली. "मग तुमीच सांगा मॅडमना. बांधावर काय काय सांगायचे ह्ये?"

"मला काय ठावं? बाप्यांचं बोलनं. घरी येऊन कदी सांगितलंय आमच्या ह्यांनी?"

पायल मॅडमने खुर्ची पुढे ओढली. "आजी, तुम्हाला आठवतं तेवढं तुम्ही सांगा. थोडं असलं तरी चालेल."

चिमाबाईने पदर सारखा केला. कॅमेऱ्याकडे बघितलं. शिकवणी केरबाची घेतली होती. परीक्षेला तीच बसली.

"ब्लॅकआउट व्हता," तिने सुरुवात केली. "गोदामात दिवा लावायचा न्हाई. वरचा साहेब केरळातला. त्यानं ह्यांच्या डोळ्याला फडकं बांदून शिकवलं. दोरीवर नुसता हात फिरवायचा आन् सांगायचं, ही कसली, किती जाडीची. लय मोठं गोदाम व्हतं. ह्यांचा हात बरोबर जायाचा."

"वा. आणि?"

"एकदा बुटांची आख्खी लॉरी आली. उगडून बगत्यात तर समदे डाव्या पायाचे." पोरं खिदळली. चिमाबाईही क्षणभर खुलली. "लय हसायचे ह्ये, सांगताना."

"मग काय केलं त्यांनी?"

चिमाबाईने तोंड उघडलं. तिला दिसत होतं ते फक्त केरबाचं हसणं, लग्नाच्या मांडवात, व्याह्यांसमोर, आणि आपण त्याला मारलेली हाक.

"पुडं मी सांगू दिलं न्हाई," ती म्हणाली. "म्हटलं, व्याह्यांपुडं बुटांच्या गोष्टी कसल्या सांगताय."

"असू दे. आणखी काही?"

"एक पोरगा आला व्हता काउंटरवर. त्याचं जहाज बुडालं व्हतं. वाचला, पर अंगावर दुसऱ्या कुनाचे तरी कपडे. ह्यांनी इचारलं, माप काय तुजं? तर त्याला सांगता येईना. माप न्हाई, नाव न्हाई, कायच न्हाई." ती थांबली. "हितं ह्यांना रडू आलं. सणाचा दिवस व्हता. मी म्हटलं, सणाला रडगानं नको."

पायल मॅडमने या वेळी "मग?" विचारलं नाही. ती वाट बघत राहिली. प्रतीक्षा वाट बघत होती. अंबूबाईसुद्धा पुढे वाकली होती. त्या पोराला केरबाने काय दिलं, काय बोलला, तो पोरगा पुढे कोण झाला, हे सगळं कुठेतरी होतं. चिमाबाईने डोळे मिटून शोधलं. हाताला काही लागेना.

"येवढंच," ती म्हणाली. "माज्याकडं येवढंच हाय."

कॅमेऱ्यावर तिची चार मिनिटंही झाली नव्हती.

केरबा इतका वेळ बायकोच्या तोंडाकडे बघत, हात मांडीवर ठेवून, लक्ष देऊन ऐकत होता. आता त्याने तिच्या कोपराला स्पर्श केला.

"कोन गं ह्यो? स्टोरातला?"



"हाय एक," चिमाबाई म्हणाली. "आपल्याच गावचा."

"मला कदी भेटला न्हाई." केरबाने जरा विचार केला. "चांगला मानूस दिसतोय. चहाला तरी बोलवायचास."

"व्हय," ती म्हणाली. "बोलवायला पायजे व्हता."

ती गुडघ्यावर हात देऊन उठली, आत गेली आणि चहाचं आधण ठेवलं. बाहेर केरबा बाकड्यावर थोडा सरकला, शेजारी एका माणसापुरती जागा केली आणि वाटेकडे बघत बसला.